बोरघाट किती युनिटचा?

दसरा झाला, पाऊस (बहुतेक) गेला, सबमिशनला अजून वेळ आहे. म्हणजे माळ्यावरची सायकल खाली काढायचे दिवस आले. युरोपात सायकलचा सीझन बर्फ वितळल्यावर सुरू होतो, आपल्याकडे पाऊस थांबल्यावर. आणि दरवर्षी याच दिवसांत आमच्या बेलपाड्यातली दोन-चार टाळकी एकदम बोरघाटाच्या गोष्टी करायला लागतात. "येत्या रविवारी खंडाळा!" जून ते सप्टेंबर जी सायकल दुधाची पिशवी आणायलासुद्धा बाहेर पडलेली नसते, ती थेट खंडाळ्याला! मग त्यातले निम्मे खोपोलीच्या पुढे तिसऱ्या-चौथ्या वळणावर कठड्याला टेकून बसतात आणि "आपल्यात दमच नाही" असं ठरवून मोकळे होतात. हा लेख त्यांच्यासाठी. दम बहुतेकांत पुरेसा असतो, हिशोब कोणी केलेला नसतो. आणि आपण तर हिशोब करण्याचीच डिग्री घेतोय ना?

आधी रस्ता. बेलपाडा म्हणजे ज्याच्या आजूबाजूला सिडकोचं खारघर उभं राहिलं ते मूळचं गाव. (नोव्हेंबर २०२३ मध्ये नवी मुंबई मेट्रो सुरू झाल्यापासून स्टेशनच्या पाटीवर तरी नाव आलं!) इथून कळंबोली, पनवेल, शेडुंग, चौक, खालापूर करत जुन्या मुंबई-पुणे हायवेने खोपोली चाळीसेक किलोमीटर. एक्सप्रेसवेवर सायकलला बंदी आहे, त्यामुळे तो विषयच नाही. घाटाच्या वरच्या भागात जुना रस्ता आणि एक्सप्रेसवे एकमेकांच्या अगदी जवळ येतात, तिथे बोर्ड वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. खोपोलीपर्यंत रस्ता जवळजवळ सपाट. खरा खेळ त्यानंतर. खोपोली ते खंडाळा ढोबळमानाने दहा किलोमीटर आणि चढ पाचशे मीटरच्या आसपास. म्हणजे सरासरी ५ टक्के, शंभर मीटर पुढे गेलं की पाच मीटर वर. सरासरी हा शब्द लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचंय.

आता अकरावीतला एमजीएच. स्वार, सायकल, पाणी, पंक्चरचं सामान मिळून ८० किलो धरू. ८० गुणिले ९.८१ गुणिले ५०० म्हणजे साधारण ३९२ किलोज्यूल. ऐकायला भारी वाटतं, पण विजेच्या भाषेत ते किती? ०.११ युनिट! होस्टेलमधला ७५ वॉटचा पंखा दीड तास चालवा, तेवढ्या ऊर्जेत तुम्ही सायकलसकट खंडाळ्यात. टायरचं घर्षण आणि हवा मिळवली तरी ४७० किलोज्यूलच्या वर जात नाही. शरीराची एफिशियन्सी २४ टक्के धरली तर खाण्यातनं साधारण ४७० किलोकॅलरी लागतात. दीड-दोन वडापाव! अख्खा बोरघाट दोन वडापावांत बसतो.

खोपोलीत हाच हिशोब उलट्या दिशेने मांडलेला दिसतो. टाटांचं जलविद्युत केंद्र इथे १९१५ मध्ये सुरू झालं. लोणावळ्याकडच्या तलावांचं पाणी पाइपांतून पाचशे मीटरच्या वर खाली येतं आणि टर्बाइन फिरवतं. म्हणजे आपण पेडल मारून जे वर नेतो, तेच पाणी खाली येताना परत देतं. फरक एवढाच की या केंद्राची क्षमता ७२ मेगावॅट आहे आणि आपली शंभरेक वॉट. त्याच्या बरोबरीला जवळपास सात लाख सायकलवाले लागतील.

तर मग दम का लागतो? कारण घाट एनर्जी मागतो थोडी, पण तुम्ही ती किती वेगाने देता यावर सगळं अवलंबून. एनर्जी आणि पॉवर यातला फरक आपण व्हायव्हात धडाधडा सांगतो आणि सायकलवर बसलो की विसरतो. ५ टक्के चढावर ताशी ८ किलोमीटरने गेलात तर गुरुत्वाकर्षण ८७ वॉट खातं, टायर १४, हवा फक्त ३. एकूण १०५ धरा. (चेनमधला लॉस सोडून दिलाय, एक्स्टर्नल एक्झामिनर नाहीयेत इथे.) ताशी १० ने गेलात तर १३३. आणि सपाटीवरच्या खुमखुमीत ताशी १५ ने घुसलात तर २१०! जागतिक दर्जाचा रेसर तासभर ४०० वॉटच्या आसपास काढू शकतो. तुमच्या-माझ्यासारखा धडधाकट पण सराव नसलेला माणूस तासभर शंभरेक वॉट काढतो. म्हणजे ८ च्या स्पीडने तो सव्वा तासात खंडाळ्यात असतो आणि १५ ने पाचव्या मिनिटाला कठड्यावर. माणूस तोच, घाट तोच.

इथे गिअर येतो. शेजारचे तात्या, ज्यांनी उभा जन्म काळी बिनगिअरची सायकल चालवली, ते मला म्हणतात, "पोरी, गिअर कशाला लागतो? चढ आला की उतरायचं, ढकलायची, वर जाऊन परत बसायचं." हसू नका, इंजिनिअरिंगच्या दृष्टीने तात्या बरोबर आहेत. उतरून ढकलणं हाही एक गिअरच आहे, सगळ्यात खालचा. बिनगिअरच्या सायकलला पुढे ४४ आणि मागे १८ दाते धरले तर पेडलच्या एका फेरीत ती पाच मीटरच्या वर जाते. ताशी ८ ने चालवायची तर मिनिटाला जेमतेम २५ फेऱ्या पडतात. १०५ वॉट तर द्यायचेच आहेत, मग ते प्रचंड जोर लावून द्यावे लागतात. पेडलवर सरासरी २४ किलोचा दाब, आणि पाय आडवा असताना त्याच्या दुप्पट. सव्वा तास! गिअरच्या सायकलवर पुढे ३४ आणि मागे ३२ लावलं तर एका फेरीत सव्वादोन मीटर, मिनिटाला ६० फेऱ्या, आणि सरासरी दाब १० किलो. पॉवर दोन्हीकडे सारखीच. पण पहिल्यात मांडी आणि गुडघा मरतात, दुसऱ्यात फक्त श्वास वाढतो. श्वास दोन मिनिटं थांबलं की परत येतो, गुडघा दोन महिने येत नाही.

लहान गिअर लावणं म्हणजे कमीपणा, असं समजणारे खूप भेटतात. हा आजार जुना आहे. टूर द फ्रान्स ही शर्यत १९१० पासून पिरेनीजच्या घाटांत जात होती, तरी चेन एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर टाकणारा डिरेलर तिथे १९३७ पर्यंत रेसरना वापरूच दिला नव्हता. आयोजक दग्रांज यांच्या मते गिअर बदलणं हे वय झालेल्यांचं काम! रेसर बिचारे घाटाच्या पायथ्याशी उतरून मागचं चाक काढून उलटं लावायचे, दुसऱ्या बाजूला मोठं दातेरी चाक असायचं म्हणून.

आपल्या बोरघाटात हाच प्रश्न रेल्वेलाही आला होता. गाडीरस्ता १८३० मध्ये झाला, गव्हर्नर माल्कमच्या काळात. रेल्वे १८६३ मध्ये. लोखंडाच्या रुळावर लोखंडाचं चाक घसरतं, म्हणून रेल्वेचा चढ कुठेही ३७ ला १ च्या वर गेला नाही, म्हणजे २.७ टक्के. तेवढ्यासाठी लाइन लांबवत २५ किलोमीटर केली, मध्ये गाडीची दिशा उलटवणारं रिव्हर्सिंग स्टेशन बांधलं (ते १९२९ पर्यंत वापरात होतं), बोगदे खणले. १८६१ मध्ये चाळीस हजारांवर मजूर या कामावर होते. कंत्राटदार सोलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये आल्या-आल्या वारले तेव्हा त्यांची बायको अॅलिस हिने कंत्राट पुढे चालवलं. आमच्या मेकॅनिकलच्या वर्गात मुली किती आहेत ते बघता हे नाव मुद्दाम लिहितेय. आणि एवढं करूनही आज कर्जतला गाडीला मागून बँकर इंजिनं लागतातच. रेल्वेला घाटात जादा इंजिन घ्यायची लाज वाटत नाही, तर आपल्याला ३२ दाती चाकाची का वाटावी?

रस्त्याचा चढ मात्र रेल्वेसारखा एकसारखा नाही. म्हणून ती सरासरी फसवी आहे. मध्ये मध्ये ८ टक्के लागतो, तिथे ताशी ८ च स्पीड ठेवला तर १०५ चे १५७ वॉट होतात. ६ वर आणलात तर ११७. म्हणजे स्पीडोमीटरकडे बघायचंच नाही, श्वासाकडे बघायचं. शेजारच्याशी एक पूर्ण वाक्य बोलता येतंय तोवर ठीक. हेअरपिन वळणाचं गणित तर मला भयंकर आवडतं. समजा वळणाच्या आतल्या कडेची त्रिज्या ६ मीटर आणि बाहेरच्या कडेची १२. अर्धं वर्तुळ फिरताना रस्ता ३ मीटर वर जातो, दोघांसाठीही तेवढाच. पण आतून अंतर १९ मीटर आणि बाहेरून ३८. आतून चढ १६ टक्के, बाहेरून ८! आपण रस्त्याच्या डावीकडून चालतो, म्हणजे प्रत्येक डाव्या वळणाला आपण नेमके आतल्या, खड्या बाजूला असतो. बाहेरून जावं म्हटलं तर मागून ट्रक. तेव्हा उपाय एकच, वळण दिसताच आधी गिअर हलका करा. वळणात शिरल्यावर जोर लावलेला असताना बदलायला गेलात तर चेन कडकड आवाज करून अडकते, सायकल थांबते आणि पाय क्लिपमध्ये असतील तर तुम्ही आडवे.

मुंबई-पुणे सायकल शर्यतीत या चढात पहिला येणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. आपण राजा व्हायला निघालेलो नाही. वाटेत शिंगरोबाचं देऊळ लागतं. घाटाची वाट साहेबाला दाखवणारा धनगर तो, अशी गोष्ट सांगतात. जाणारे-येणारे तिथे नाणं टाकतात. आपणही थांबावं, पाणी प्यावं. थांबल्याने पॉवरचा हिशोब बिघडत नाही.

आता हे सगळं सीझनच्या सुरुवातीलाच का सांगतेय? कारण व्यायाम सुटला की दोन-तीन आठवड्यांतच रक्तातला पातळ भाग, प्लाझ्मा, कमी होतो आणि हृदयाला तेवढंच काम करायला जास्त ठोके मारावे लागतात. त्यात ऑक्टोबर हीट. एफिशियन्सी २४ टक्के म्हणजे बाकीची ७६ टक्के उष्णता. १०५ वॉट पेडलला देताना ३३० वॉट नुसता ताप तयार होतो. सपाटीवर ताशी २५ चा वारा तो उडवून नेतो, घाटात ताशी ८ ला वारा कुठला? सगळी भिस्त घामावर. ३३० वॉट घालवायला तासाला अर्धा लिटर घाम वाळावा लागतो, आणि दमट हवेत निम्मा तर न वाळताच टपकतो. म्हणून तासाला पाऊण ते एक लिटर पाणी, चिमूटभर मीठ-साखर घालून. बेलपाड्यातून पहाटे पाचला निघायचं, पुढे-मागे दिवे लावून, म्हणजे घाट उन्हाच्या आत संपतो.

आपली पॉवर किती उरलीये हे कळायला महागडं मीटर नको. बेलापूरचा पारसिक हिल जवळ आहे. फोनवर उंची बघा, खालून वर किती मिनिटं लागली ते बघा. ८० किलोला १०० मीटर वर न्यायला ७८ किलोज्यूल लागतात. १२ मिनिटांत गेलात तर १०९ वॉट नुसते चढाचे. तीन-चार रविवार हे करा, आकडा वर सरकताना दिसेल. तो शंभराच्या आत असेल तर खंडाळा पुढच्या महिन्यात, घाट कुठे पळून जात नाही.

आणि सायकलकडे बघा! चार महिन्यांत ब्रेकचे रबर दगडासारखे होतात, केबल आतून गंजते. चढताना हे कळत नाही, उतरताना कळतं. ते ३९२ किलोज्यूल तुम्ही वर नेऊन ठेवलेत ना, ते खाली येताना कुठेतरी जायलाच हवेत. ८ टक्के उतारावर ब्रेकच लावला नाही तर सायकल ताशी पन्नासच्या जवळ जाते. पावसाने वाहून आलेली खडी आणि कडेचं शेवाळ यांवर हा स्पीड म्हणजे कपाळमोक्ष. ताशी २५ वर धरून ठेवलीत तर जवळपास २९० वॉट ब्रेकमध्ये जातात. इलेक्ट्रॉनिक्स लॅबमधल्या २५ वॉटच्या बारा सोल्डरिंग आयर्नइतकी उष्णता, दोन रिमांवर! सतत ब्रेक दाबून उतरणाऱ्याची ट्यूब म्हणूनच फुटते. वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात, मग सरळ रस्त्यावर सोडून द्यायचे, वारा रिम गार करतो. पुढच्या ट्रकपासून अंतर ठेवा, त्याच्याही ब्रेकची हीच कथा आहे, फक्त वजन टनांत. खोपोलीत पोचल्यावर रिम किती तापलीये ते बघायचं असेल तर बाटलीतल्या पाण्याचा एक थेंब टाकून बघा. बोट लावू नका.