वृद्ध वृक्ष आणि बुरशीचे रक्षण

पावसाळ्यात कुजक्या लाकडावर अळंबी उगवते व थोड्याच दिवसांत नाहीशी होते. तिच्याबरोबर बुरशीही मेली, अशी विद्यार्थ्यांची समजूत होते. निसर्गपाठात ही समजूत दूर करणे अगत्याचे आहे. अळंबी हे बुरशीचे केवळ फळ होय. लाकडात वा मातीत पसरलेले सूक्ष्म तंतूंचे जाळे हे तिचे खरे शरीर. आंबा उतरविल्याने झाड मरत नाही. झाडच तोडल्यास मात्र पुन्हा आंबा मिळत नाही. बुरशीलाही हाच न्याय लागू पडतो.

अमेरिकेच्या वायव्य भागातील ऑरेगन व वॉशिंग्टन या राज्यांतील एक उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. तेथील डोंगराळ अरण्यांत 'नोबल फर' नावाच्या उंच सूचिपर्णी वृक्षांच्या बुंध्याशी 'ब्रिजिओपोरस नोबिलिसिमस' ही बुरशी वाढते. तिचे फळ फळीसारखे आडवे, कठीण व अनेक वर्षे टिकणारे असते. वरील केसाळ पृष्ठभागावर शेवाळ वाढते. खालील बारीक छिद्रांतून बीजाणू बाहेर पडतात. १९४६ साली आढळलेल्या एका फळाचे वजन सुमारे १३६ किलोग्रॅम होते. विल्यम ब्रिज कुक यांनी १९४९ साली या बुरशीचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले.

एवढी प्रचंड बुरशी आज नामशेष होण्याच्या मार्गावर का आहे? कारण साधे आहे. ती बहुधा एक मीटर वा त्याहून अधिक व्यासाच्या बुंध्यावरच फळते. असा बुंधा तयार होण्यास शतके लागतात. तो तोडण्यास एक दिवसही लागत नाही. तोडीनंतर नवी लागवड केली तरी ती झाडे जून होण्यापूर्वीच पुन्हा कापली जातात. अरण्य हिरवे दिसते, परंतु बुरशीला आसरा उरत नाही.

म्हणून १९९४ सालच्या वनयोजनेत संघसरकारच्या वनांतील या बुरशीच्या ज्ञात स्थळांभोवती ६०० एकरांपर्यंतचे योग्य अरण्य राखण्याची तरतूद झाली. पुढे लाकडाच्या नमुन्यांची जनुकीय तपासणी केली असता, फळ न दिसणाऱ्या वृक्षांतही ही बुरशी आढळली. अर्थात, फळ नाही म्हणून वृक्ष तोडावा, हा विचार घातक ठरतो.

आपल्याकडील देवरायांत जुने वृक्ष व पडलेली खोडे यांस हात न लावण्याची रीत आहे. निसर्गसहलीत शिक्षकांनी तिचे हे महत्त्व समजावून द्यावे. अळंबीचे चित्र काढून घ्यावे. ती तोडू वा चाखू देऊ नये. जे दिसते त्याचे रक्षण करावयाचे, तर जे दिसत नाही तेही जपावे लागते, हे विद्यार्थ्यांच्या मनावर ठसवावे.