न्याय्य व्यापार (हस्तव्यवसायांतील)

न्याय्य व्यापार (हस्तव्यवसायांतील) : कारागिराला श्रमाचा उचित मोबदला, कामाची शाश्वती आणि व्यवहारात बरोबरीचे स्थान मिळेल अशा अटी खरेदीदाराने स्वेच्छेने मान्य करून केलेला व्यापार. विकसनशील देशांत या व्यापाराचा संबंध मुख्यत्वे स्त्रियांशी येतो. कारण कताई, भरतकाम, शिवणकाम, टोपल्या विणणे यांसारखी कामे मोठ्या प्रमाणावर स्त्रियाच घरी बसून करतात.

घरी काम करणाऱ्या कारागीर स्त्रीच्या दारिद्र्याचे कारण पुष्कळदा मालाला मागणी नसणे हे नसून मजुरी ठरविण्याची पद्धत हे असते. कापड व दोरा मध्यस्थ पुरवितो, मजुरी नगावर ठरते आणि तयार माल तोच घेऊन जातो. एका नगास किती तास लागले याचा हिशेब कोणीच ठेवत नाही. घरकाम व मुलांचे संगोपन सांभाळून केलेले काम ‘फावल्या वेळचे’ समजले जाते आणि त्यास दरही तसाच मिळतो. माल अखेरीस कोणत्या किंमतीस विकला जातो हे तिला ठाऊक नसते; कच्चा माल घेण्यास भांडवल नसल्याने दुसरे गिऱ्हाईक शोधणेही तिला शक्य होत नाही. न्याय्य व्यापाराचे नियम या अडचणी समोर ठेवून घडले आहेत.

विदर्भातील पूर्वप्रयोग : ही संज्ञा रूढ होण्यापूर्वीच या प्रश्नाची नेमकी मांडणी नागपूरपासून सुमारे ७५ किमी. अंतरावरील वर्धा येथे झाली. १९२५ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत चरखा संघासाठी सूत कातणाऱ्यांत ग्रामीण स्त्रियांचा भरणा होता. खादी स्वस्त राहावी म्हणून त्यांची मजुरी अत्यल्प ठेवण्यात आली होती. १९३५ मध्ये महात्मा गांधींनी आठ तासांच्या कताईस आठ आणे मजुरी असावी, असा विचार मांडला. किंमत वाढल्यास खप घटेल आणि कातणाऱ्यांचे होते ते कामही जाईल, असा त्यावर आक्षेप होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संघाने ठराव केला, की पूर्ण आठ तास कार्यक्षमतेने काम करणाऱ्यास शास्त्रीय प्रमाणानुसार किमान आहार आणि आवश्यक वस्त्र यांपुरती तरी मजुरी मिळावी. कताईच्या मजुरीवर माणूस जगू शकतो काय, हे पडताळण्यासाठी विनोबा भावे यांनी याच सुमारास वर्ध्याजवळील नालवाडी येथे स्वतः कातून त्या मिळकतीवर राहण्याचा प्रयोग केला. प्रत्यक्षात लागू झालेले दर आठ आण्यांच्या बरेच खाली राहिले. तथापि बाजारभावावरून मजुरी न ठरविता माणसाच्या गरजेवरून मजुरी आणि मजुरीवरून किंमत ठरवावी, हे तत्त्व त्यामुळे प्रस्थापित झाले.

जागतिक चळवळ : पाश्चात्त्य देशांत या चळवळीचा प्रारंभ सामान्यतः १९४६ पासून मानतात. त्या वर्षी एड्ना रूथ बायलर या अमेरिकन मेनोनाइट महिलेने प्वेर्त रीकोमधील स्त्रियांचे भरतकाम अमेरिकेत नेऊन विकण्यास सुरुवात केली. १९८९ मध्ये अशा संस्थांचा आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला. २००९ पासून तो ‘जागतिक न्याय्य व्यापार संघटना’ या नावाने ओळखला जातो. संवादातून ठरलेली किंमत, समान कामास स्त्री-पुरुषांना समान वेतन, व्यवहारातील पारदर्शकता, बालमजुरीस प्रतिबंध, सुरक्षित कामाची जागा ही तिच्या दहा तत्त्वांपैकी काही होत. हस्तव्यवसायातील उत्पादकाने मागणी केल्यास खरेदीदाराने मालाच्या किमान ५० टक्के रक्कम बिनव्याजी आगाऊ द्यावी, हा नियम विशेष महत्त्वाचा आहे. त्यामुळे कच्च्या मालासाठी सावकाराकडे किंवा मध्यस्थाकडे जावे लागत नाही.

महाराष्ट्रातील संस्था : मुंबईत अंधेरी भागातील झोपडवस्त्यांतील स्त्रियांसाठी इसाबेल मार्टिन या स्पॅनिश मिशनरी महिलेने १९८४ मध्ये ‘क्रिएटिव्ह हँडिक्राफ्ट्स’ ही संस्था सुरू केली. तेथील स्त्रिया गटांनी शिवणकाम करतात व माल परदेशांतील न्याय्य व्यापार संस्थांकडे जातो. पुष्पिका फ्रेटास यांनी १९८६ मध्ये स्थापन केलेल्या ‘मार्केटप्लेस’ या संस्थेने मुंबईतील स्त्रियांनी शिवलेले व भरतकाम केलेले कपडे अमेरिकेत विकण्याची व्यवस्था उभी केली. वर्धा येथील मगन संग्रहालय (उद्‌घाटन ३० डिसेंबर १९३८) ग्रामोद्योगांच्या प्रदर्शनासाठी सुरू झाले. ते चालविणाऱ्या समितीने पुढे सेंद्रिय कापूस व नैसर्गिक रंग यांवर आधारित खादीचे कामही हाती घेतले. महिला आर्थिक विकास महामंडळ (स्थापना १९७५) बचत गटांमार्फत स्त्रियांना पतपुरवठा, प्रशिक्षण व बाजारपेठ मिळवून देण्याचा प्रयत्न करते. मात्र प्रदर्शनात विक्रीची जागा मिळणे आणि श्रमाचे मोल मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी होत. पडून राहिलेला माल परत नेण्यापेक्षा मिळेल त्या किंमतीस देण्याची वेळ आल्यास गटाचा तोटा सभासद स्त्रियांच्या मजुरीतूनच भरून निघतो.

मर्यादा : न्याय्य व्यापाराखाली येणारा माल एकूण हस्तव्यवसायांच्या मानाने अल्प आहे. परदेशी ग्राहकाची आवडनिवड बदलली किंवा २०२० च्या महासाथीसारखे संकट आले, की मागणी एकाएकी घटते. नमुने तयार करणे, दर्जा राखणे व नियमपालनाची तपासणी यांचा खर्च लहान गटांना झेपत नाही. मिळकत वाढली तरी ती खर्च करण्याचा अधिकार स्त्रीला घरात मिळेलच असे नाही. १९३५ मधील खपाविषयीचा आक्षेपही कायम आहे. वाढीव किंमत देणारा ग्राहक नसेल, तर उचित मजुरी केवळ कागदावर राहते. म्हणून संस्थेचे नाव वा वस्तूवरील चिन्ह यांपेक्षा एका नगास लागणारे तास, त्यांची मजुरी आणि विक्रीची किंमत हे तीनही आकडे कारागीर स्त्रीला ठाऊक असणे, ही न्याय्य व्यापाराची अधिक विश्वसनीय कसोटी ठरते.