विश्लेषण : हरित हायड्रोजनचे घोडे इरिडियमपाशी का अडते?

भारताला २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हरित हायड्रोजन तयार करायचा आहे. त्यासाठी पाणी आणि वीज पुरेशी नाही. टिकाऊ उत्प्रेरकही हवा.

अडचण कुठे?
इलेक्ट्रोलायझरमध्ये विजेने पाण्याचे विघटन होते. ऋणाग्रावर हायड्रोजन, धनाग्रावर ऑक्सिजन तयार होतो. धनाग्रावरील अभिक्रिया संथ असते. चांगला उत्प्रेरक नसेल, तर वीज वाया जाते.

इरिडियमच का?
सौर व पवन ऊर्जेच्या चढउतारांशी जुळवून घेणाऱ्या ‘पीईएम’ यंत्रात तीव्र आम्लधर्मी वातावरण असते. निकेल, लोहाची ऑक्साइडे त्यात विरघळतात. रुथेनियम ऑक्साइड अधिक क्रियाशील, पण लवकर झिजते. इरिडियम ऑक्साइड तग धरते. मात्र जगभरात वर्षाला जेमतेम ७-८ टन इरिडियम मिळते, तेही मुख्यतः दक्षिण आफ्रिकेच्या प्लॅटिनम खाणींत उपउत्पादन म्हणून. त्यामुळे मागणी वाढली, तरी पुरवठा सहजी वाढत नाही.

पर्याय काय?
जपानच्या ‘रिकेन’ संस्थेने २०२४ मध्ये मँगनीज ऑक्साइडवर इरिडियमचे सुटे अणू पसरवले आणि त्याची गरज सुमारे ९५ टक्क्यांनी घटवली. हा उत्प्रेरक ३,००० तास, म्हणजे चार महिने टिकला. उद्योगाला मात्र वर्षानुवर्षे चालणारे यंत्र हवे. खरी परीक्षा तीच आहे.