तीनशे पौंडांचा गणितज्ञ

फुटबॉल म्हटलं की आपल्याला जाळीत जाणारा गोल चेंडू आठवतो. अमेरिकन फुटबॉल मात्र वेगळंच प्रकरण आहे. चेंडू लांबुळका, बहुतेक वेळ हातातच. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्या टीमला. चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक हा या खेळाचा हिरो. त्याच्या पुढ्यात पाच आडदांड गडी भिंतीसारखे उभे असतात, ते ऑफेन्सिव्ह लाइनमन. मधला सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, टोकांना टॅकल. समोरून अंगावर येणाऱ्याला अडवायचं, हेच त्यांचं काम. टीव्हीवर यांचं नाव ऐकू येतं ते बहुधा फाउल झाला की!

जॉन अर्शेल असाच एक गार्ड. जन्म १९९१चा, वजन तीनशे पौंड म्हणजे १३६ किलो. पेन स्टेट युनिव्हर्सिटीकडून खेळता खेळता पठ्ठ्याने गणितात बी.एस. आणि एम.ए. केलं, वर तिथे गणित शिकवलंही. २०१४ मध्ये बाल्टिमोर रेव्हन्सने त्याला पाचव्या फेरीत घेतलं. प्रोफेशनल झाल्यावरही राहणी आपल्या हॉस्टेलवाल्यांसारखी: जुनी निसान गाडी आणि वर्षाला पंचवीस हजार डॉलरच्या आत खर्च.

२०१५ मध्ये त्याचा सहलेखकांबरोबरचा एक पेपर छापून आला. विषय होता फिडलर व्हेक्टर. घाबरू नका. समजा हॉस्टेलमधल्या प्रत्येक पोरासाठी एक ठिपका काढला आणि दोस्तांचे ठिपके रेघांनी जोडले. आता या पोरांचे दोन गट करायचे, पण कमीत कमी मैत्र्या तुटल्या पाहिजेत. या जाळ्याची लाप्लासियन मॅट्रिक्स मांडायची, तिची दुसऱ्या नंबरची लहान आयगेन व्हॅल्यू घ्यायची. तिचा आयगेन व्हेक्टर तो फिडलर व्हेक्टर. त्यात ज्यांचे आकडे प्लस ते एका गटात, मायनस ते दुसऱ्या. विभागणी अगदी सर्वोत्तम निघेलच असं नाही, पण बऱ्यापैकी चांगली निघते. ठिपके लाखोंनी असले की गणित जड जातं, म्हणून पेपरातली युक्ती अशी: जाळं टप्प्याटप्प्याने लहान करायचं, लहानाचं उत्तर काढायचं, मग ते सुधारत सुधारत मोठ्यावर परत आणायचं. (परीक्षेआधी आपण आयगेन व्हॅल्यूचा चॅप्टर ऑप्शनला टाकतो, ते आठवलं.)

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सरावात डोक्याला जबर धडक बसली. कन्कशन. मैदानावर तो काही आठवड्यांत परतला; पण वरच्या पातळीचं गणित डोक्यात पूर्वीसारखं उमटायला त्याहून जास्त वेळ लागला, असं त्यानेच नंतर सांगितलं. ज्या डोक्यावर पुढचं आयुष्य काढायचं, तेच रोज धडकेला लावायचं! तरीही २०१६ मध्ये त्याने एमआयटीत पीएच.डी. सुरू केली आणि सीझनमध्ये खेळतही राहिला.

या धडकांचा धाक काल्पनिक नाही. पिट्सबर्ग स्टीलर्सचा नामांकित सेंटर माइक वेबस्टर २००२ मध्ये वारला. त्याचा मेंदू डॉ. बेनेट ओमालू यांनी तपासला आणि सीटीई हा मेंदूचा आजार त्यात सापडला. पुढे २५ जुलै २०१७ला एक अभ्यास प्रसिद्ध झाला: तपासलेल्या १११ एनएफएल खेळाडूंच्या मेंदूंपैकी ११० मध्ये सीटीई. सॅम्पल रँडम नव्हतं हे खरं. मेंदू दान केलेले होते, त्यातल्या बऱ्याच जणांना हयातीतच त्रास होता. म्हणून १११ पैकी ११० हे प्रमाण सगळ्या खेळाडूंना लावता येत नाही. पण आकडा अंगावर येतोच.

दोनच दिवसांनी, २७ जुलैला, अर्शेल २६व्या वर्षी रिटायर झाला. कॉन्ट्रॅक्टचं एक वर्ष शिल्लक होतं. पेपरवाल्यांनी लगेच दोन आणि दोन चार केले. त्याने मात्र दिलेली कारणं साधी होती: कॉलेजात काही कोर्स फक्त त्याच सेमिस्टरला असतात, आणि डिसेंबरात घरी बाळ येणार आहे. आपल्याला वाटतं, तीन सीझन आणि एक कन्कशन पाठीशी असताना अभ्यासाचा आकडा त्याच्या मनात आलाच नसेल, असं होणं कठीण.

२०२१ मध्ये पीएच.डी. झाली. २०२३ पासून तो एमआयटीच्या गणित विभागात असिस्टंट प्रोफेसर आहे.