पाडण्यासाठी उचललेली विमानं

संपादकांना विमानसुरक्षेवर लेख हवा होता. मी मात्र एका लोखंडी सांगाड्यापाशीच अडकून पडलो. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, हॅम्प्टनला, नासाच्या लँग्ली केंद्रात तो उभा आहे. उंची 240 फूट, लांबी 400 फूट. इथे विमानं आपटतात, तीही मुद्दाम.

1965 मध्ये तो उभा राहिला तेव्हा काम वेगळं होतं: अपोलोच्या अंतराळवीरांना चंद्रावर उतरण्याचा सराव देणं. नील आर्मस्ट्राँगही इथे शिकून गेले. पुढे चांद्रमोहिमा थांबल्या. त्याच सुमारास, 1972 मध्ये, ॲग्नेस वादळाच्या पुरात पेन्सिल्वेनियातला पायपर कंपनीचा कारखाना बुडाला. तिथली कोरी विमानं उडवण्यालायक राहिली नाहीत आणि लँग्लीच्या पथ्यावर पडली.

विमान नुसतं वरून सोडून भागत नाही. खऱ्या अपघातात ते खाली येता येता पुढेही जात असतं. म्हणून ते पोलादी दोरांना टांगायचं, मागे खेचून उंच न्यायचं आणि झोक्यासारखं सोडून द्यायचं. मेख आहे ती यापुढे. जमिनीला टेकताना दोर ताणलेलेच राहिले, तर विमानाला वरून आधार मिळतो आणि मोजमाप खोटं ठरतं. त्यामुळे टेकण्याच्या ऐन आधी छोटे स्फोट होतात, दोर तुटतात, विमान मोकळं होतं. चाचण्यांच्या चित्रफितीत हा क्षण मी पुन्हापुन्हा पाहिला. आपटणं त्यापुढे फिकं वाटतं.

विमानात बसवलेल्या माणसाच्या पुतळ्यांच्या कमरेत भारमापक असतो, कारण खालून बसणारा दणका थेट मणक्यावर येतो. प्रवासी विमानांच्या खुर्च्यांसाठी अमेरिकेने 1988 मध्ये केलेल्या नियमात या दणक्याची मर्यादा 1,500 पौंड, म्हणजे सुमारे 680 किलो आहे.

संगणकावर हवे तेवढे अपघात घडवता येतात, मग खरी विमानं कशाला फोडायची? सवाल रास्त आहे. 2003 मध्ये ही जागा बंदही झाली होती. नंतर नासाच्या ओरायन अंतराळयानाच्या निमित्ताने ती पुन्हा सुरू झाली. पाण्यावर आपटून पाहण्यासाठी 2011 मध्ये शेजारी 20 फूट खोल पाण्याचा हौदही आला.

पण विमानबांधणीत आलेल्या कार्बन फायबरने गणित अवघड केलं आहे. ॲल्युमिनियम वाकतं, चुरगळतं आणि चुरगळता चुरगळता धक्का पचवतं. कार्बन फायबर तडकतं, त्याचा भुगा होतो. तो भुगा ठरल्या क्रमाने व्हावा म्हणून खटपट करावी लागते. नोव्हेंबर 2022 मध्ये विजेवरच्या हवाई टॅक्सीचा सहाआसनी नमुना इथे आपटला. जमिनीलगतचा भाग दबला, खुर्च्याही ठरल्याप्रमाणे खाली सरकल्या आणि पुतळ्यांना बसणारा दणका कमी झाला. इथवर संगणकाचं भाकीत बरोबर होतं. मग छत कोसळलं. ते संगणकाने सांगितलंच नव्हतं.

अशा यानाचे पंख आणि पंखे डोक्यावर असतात. चाचणीतही त्यांच्याऐवजी तेवढं वजन छतावर ठेवलं होतं. छत पेलायला खांब जाड करावेत, तर वजन वाढतं. आणि बॅटरीने आधीच वजनाची चैन संपवलेली असते. छत कोसळल्याचा पुतळ्यांवर काय परिणाम झाला हे तपासत असल्याचं नासाने चाचणीनंतर सांगितलं होतं. मला मात्र त्या सहा खुर्च्यांवर बसणाऱ्यांपैकी उंच माणसाची काळजी वाटते.