हेडफोन कुणाच्या कानासाठी?

आमच्या अष्टमीच्या घरी दुपारी दोन ते चार ही सासूबाईंची कीर्तनाची वेळ. पूर्वी रेडिओ होता, आता मोबाइल आहे. नेमकी हीच धाकट्याची दहावीच्या अभ्यासाची वेळ. दोन खोल्यांत टाळमृदंग आणि बीजगणित एकत्र कसं नांदणार? तेव्हा ठरलं, आजींना हेडफोन आणायचा.

थोरल्यानं ते काम अंगावर घेतलं. चार रात्री बसून मोबाइलवर लोकांचे अभिप्राय वाचले. कुणी पाचपैकी साडेचार तारे दिलेले, कुणी ‘बास काय दणदणीत!’ म्हणून वाखाणलेलं. कानात खुपसायचा तो हेडफोन घरपोच आला. सासूबाईंनी लावून पाहिला, “छान आहे हो,” म्हणाल्या, आणि आठ दिवसांत तो फडताळात जाऊन बसला. खोदून विचारलं तेव्हा कुठे बोलल्या, “अगं, पखवाज तेवढा छातीत धडधडतो, बुवांचं बोलणं मात्र कळत नाही. आणि पान चघळलं की निघून पडतो मेला!”

आता यात खोटं कुणी बोललं का? नाही. तारे देणाऱ्याला दणका हवा होता, त्याला तो मिळाला. पण त्याचा कान वेगळा, आजींचा वेगळा. कानाची नळी कुणाची अरुंद, कुणाची रुंद. रबरी टोपी घट्ट बसली नाही की खालचे सूर निसटून जातात आणि तोच हेडफोन पत्र्यासारखा वाजतो. म्हणून तर डब्यात लहान-मोठ्या टोप्या देतात. आपण मात्र त्या डब्यासकट माळ्यावर टाकतो!

शेवटी सासूबाईंनाच घेऊन मी कुंडलिकेचा पूल ओलांडला आणि रोह्याच्या बाजारात गेले. दुकानदारानं कानावरून बसणारे दोन हेडफोन पुढे ठेवले आणि कुठलंसं सिनेमाचं गाणं लावलं. सासूबाई म्हणाल्या, “हे नको. माझं कीर्तन लाव.” मला हसू आलं, पण बाईंचं बरोबर होतं. शंभरदा ऐकलेलंच लावावं, म्हणजे कुठला शब्द पुसट झाला ते लगेच कळतं.

पहिला त्यांना एकदम पसंत पडला. दुकानदार पावती फाडायला निघालाही. पण तो दुसऱ्यापेक्षा मोठ्यानं वाजत होता, आणि जे मोठ्यानं वाजतं ते कानाला सरस वाटतं. मी दोघांचा आवाज सारखा करायला लावला, आणि पसंती फिरली! दुसऱ्यात बुवांचा शब्दन् शब्द येत होता.

मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिथले कारागीर तंबोऱ्याची जवारी लावतात ती घोडी जराशी घासायची, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायची, अशी. आपण तर नुसता हेडफोन निवडतोय. पंधरा मिनिटं कानावर ठेवून बसायला काय हरकत आहे? चष्म्याची काडी दाबली जाते का, घाम येतो का, हे तेवढ्यात कळतं. कानात घालायचे मात्र दुकानदार सहसा लावू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. ते घेण्याआधी परत घेतात का, एवढं विचारून ठेवा.

एवढ्यात सासूबाई म्हणाल्या, “डाव्या बाजूनं बारीक येतंय. बिघडलेला दिसतो.” दुकानदारानं हेडफोन उलटा करून घातला, डावी बाजू उजव्या कानावर. तरी डाव्या कानालाच बारीक! म्हणजे हेडफोन धड होता, कान नव्हता. मी चमकलेच. त्या मोबाइलचा आवाज जवळजवळ टोकाला का नेतात, ते तेव्हा उलगडलं. आम्ही आपलं “आजी, हळू लावा” म्हणून ओरडत होतो.

दुसऱ्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. डाव्या कानात मळाचा खडा झाला होता, तो त्यांनी काढला. ऐकण्याची तपासणीही केली. उरलेली कमतरता वयाची. वयोमानानं वरचे सूर आधी जातात, त्यामुळे स, श, फ ही अक्षरं चुकतात. बोलणं ‘ऐकू येतं पण कळत नाही’ ते यामुळे. घरी येऊन मी धाकट्याचेही कान उपटले, कारण रात्री तोही कानात गाणी कोंबून झोपतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं मोठ्या माणसांना ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो, पण ९० डेसिबल फक्त ४ तास! मुलांना तर त्याहून कमीच हवा. शेजारी बसलेल्याला ऐकू जात असेल, तर आवाज फार आहे असं समजायचं.

हेडफोन दुसराच घेतला, पहिल्यापेक्षा स्वस्त. थोरल्यानं मोबाइलवर शोधून नाक मुरडलं, “आई, याला साडेतीनच तारे आहेत गं.” सासूबाईंना ते ऐकू गेलं नाही. कीर्तन रंगात आलं होतं.