वेष्टनावर नाव नसलेला गिटारवादक

जत्रेच्या दिवशी ऐन वेळी फडाचा ढोलकीवाला आजारी पडला, की शेजारच्या गावातून दुसरा आणतात. तो येतो, रात्रभर वाजवतो, सुपारीचे पैसे घेतो आणि पहाटेच्या एसटीने परत जातो. नाव होते ते फडाचे. अमेरिकेतल्या रॉक संगीतातही अशी माणसे असतात. ध्वनिमुद्रणापुरता बोलावलेला तो ‘सेशन’ वादक. बॉब क्युलिक हा त्यांतलाच.

त्याचा जन्म १९५० चा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातला. हातात विजेवरची गिटार, आणि मुख्य प्रांत ‘हेवी मेटल’. आता हे काय प्रकरण आहे? या गिटारीत तारेच्या कंपनाची वीज होते, ती ध्वनिवर्धकात जाते आणि तिथे आवाज फाटेपर्यंत चढवतात. आपल्या देवळावरचा कर्णा असा फाटला, की आपण कानांवर हात ठेवतो. यांना मात्र तो फाटका आवाजच हवा! कारण त्याने सूर जाड होतो आणि लांबवर टिकतो. पण बोट जरा चुकले, तर ती चूकही तेवढ्याच मोठ्याने ऐकू येते, बरं का.

१९७२ च्या अखेरीस न्यूयॉर्कमधला ‘किस’ नावाचा नवा संच गिटारवादक शोधत होता. क्युलिकने वाजवून दाखवले. ते पसंतही पडले. पण त्याच्या पाठोपाठ एस फ्रेली हा तरुण आला, दोन पायांत दोन रंगांचे बूट घालून. जागा त्याला मिळाली. पुढे तोंडे रंगवून वाजवणारा हा संच जगभर गाजला.

१९७७ साली ‘किस’ची ‘अलाइव्ह टू’ ही तबकडी निघाली. तिच्यातल्या बहुतेक नव्या गाण्यांत फ्रेलीने वाजवलेच नाही. मग त्यांतल्या काहींसाठी बोलावले कोणाला? क्युलिकला! आणि वाजवायचे कसे, तर ऐकणाऱ्याला फ्रेलीच वाटला पाहिजे असे. ज्याच्यामुळे जागा गेली त्याचाच हात उचलायचा, आणि वेष्टनावर आपले नाव नाही. क्युलिकने ते केले. पोटासाठी केले असे कोणी म्हणेल. मला त्यात तयारीचा अभिमानही दिसतो. १९८२ च्या ‘किलर्स’ या तबकडीवरही त्याने वाजवले, तेही नावाशिवाय.

आपल्याकडे मुंबईच्या चित्रपटसंगीतात गोव्याहून आलेल्या कितीतरी वादकांची हीच गत झाली. त्यांतले अँथनी गोन्साल्विस हे संगीतकार प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. त्याच १९७७ साली एका हिंदी चित्रपटातल्या गाण्यात शिष्याने त्यांचे नाव घातले, म्हणून ते घराघरांत पोचले.

क्युलिकचा हात मात्र एका चालीत अडकला नाही. लू रीडच्या संथ गाण्यांत तो वाजला, मीट लोफबरोबर दौऱ्यावर गेला, १९९२ साली ‘वॉस्प’ या कर्कश संचाच्या तबकडीवर दिसला. ‘मोटरहेड’ला २००५ साली ज्या ध्वनिमुद्रणासाठी ग्रॅमी मिळाले, त्याच्या दोन निर्मात्यांपैकी एक तोच. आणि २००१ मध्ये मुलांच्या ‘स्पंजबॉब’ या चित्रमालिकेत त्याने डेव्हिड आइझ्ली यांच्यासह रचलेले गाणे वाजले. त्या पोरांना हा कोण हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

१९८४ साली ‘किस’मधली गिटारीची जागा पुन्हा रिकामी झाली. ती मिळाली बॉबच्या सख्ख्या धाकट्या भावाला, ब्रूसला, आणि तो १९९६ पर्यंत तिथे राहिला. बॉब बाहेरच राहून याच्यात्याच्यासाठी वाजवत राहिला. २८ मे २०२० रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, तो वारला.